लहानपणी वाचलेलं विज्ञानकथेचं पुस्तक शोधताय? आधी या चुका टाळा

"त्यात एक मुलगा असतो, तो यानातून कुठल्यातरी ग्रहावर जातो, आणि कव्हर निळं होतं." एवढ्या भांडवलावर पुस्तक शोधायला निघालेली माणसं आमच्या दादरच्या वाचनालयात नेहमी येतात. बहुतेक चाळिशी-पन्नाशीची. मुलांसाठी हवंय म्हणतात, पण मुलांसाठी कुणी इतका जीव टाकत नाही, हवं असतं ते स्वतःलाच. काहींचं सापडतं, काहींचं नाही. न सापडण्याची कारणं मात्र ठरलेली असतात.

सगळ्यांत मोठं कारण हे की माणसं गोष्ट घट्ट धरून ठेवतात आणि बाकीचं सोडून देतात. खरं तर तीस-चाळीस वर्षांत सर्वांत जास्त बदललेली असते ती गोष्टच. मनातल्या मनात ती इतक्यांदा घोळवलेली असते की शेवटही आपलाच जोडलेला असतो. पुस्तक कुणी आणून दिलं, कुठल्या सुट्टीत वाचलं, तेव्हा आपण कितवीत होतो, आत चित्रं होती का, शिक्का कुठल्या वाचनालयाचा होता, या गोष्टींना कुणी हात लावलेला नसतो, म्हणून त्या बऱ्यापैकी शाबूत राहतात. शोध तिथून सुरू करा. मंगळावर काय झालं ते नंतर बघू.

नावं देशी, म्हणजे पुस्तक मराठीच

ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. "हिरो आपल्याकडचा होता हो, परदेशी पुस्तक नव्हतंच ते!" असं छातीठोकपणे सांगतात.

आता हे बघा. वाफेवर चालणारा एक प्रचंड पोलादी हत्ती उत्तर हिंदुस्थानातून चाकांवरची घरं ओढत नेतो आणि गोष्टीत नानासाहेब पेशवे आहेत. हे आठवणारा माणूस मराठी लेखकांच्या यादीत डोकं घालून बसणार. पण ही मूळ कादंबरी फ्रेंच आहे, ज्यूल व्हर्नची, १८८० सालची. पाणबुडीचा कप्तान हिंदी राजपुत्र होता असं आठवत असेल तर तेही बरोबरच आहे, आणि तोही व्हर्नचाच. बुंदेलखंडचा हा राजपुत्र डक्कर म्हणजेच कॅप्टन नेमो, हे रहस्य व्हर्नने पाणबुडीच्या कादंबरीनंतर काही वर्षांनी आलेल्या दुसऱ्याच कादंबरीत फोडलं. त्यामुळे 'पाणबुडीवालं पुस्तक' सापडलं तरी त्यात राजपुत्र सापडत नाही आणि माणूस हिरमुसून ते परत ठेवतो. हवं असतं त्याचं पुढचं पुस्तक, बेटावरचं.

व्हर्न मराठीत फार जुना. १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकात 'चंद्रलोकची सफर' आली होती. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घराघरांत नेलं. 'चंद्रावर स्वारी' किंवा 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' वाचलेले लोक आजही भेटतात, आणि त्यांतल्या अनेकांना ते भागवतांचंच पुस्तक वाटतं, मूळ लेखक आठवतच नाही. मोठ्यांनी भुवया उंचावण्याचं कारण नाही. मुलांसाठीच्या पुस्तकावर अनुवादकाचं नाव ठळक असायचं आणि मूळ लेखक आतल्या पानावर बारीक अक्षरात. वाचनालयाच्या यादीतही पुस्तक बहुधा मराठी नावाखालीच लागतं. म्हणून मूळ परदेशी कादंबरी ओळखू आली तरी व्हर्न किंवा वेल्स शोधत बसू नका, रूपांतर कुणी केलं ते शोधा. आतल्या पानावर 'स्वैर अनुवाद', 'रूपांतर', 'आधारित' असलं काही दिसतं का तेही बघा.

ते पुस्तक होतंच कशावरून?

मराठीत विज्ञानकथा जगली ती मुख्यतः मासिकांत आणि दिवाळी अंकांत. संग्रह नंतर निघाले, तेही सगळ्यांचे नाहीत. तेव्हा 'पुस्तक' म्हणून जे डोक्यात आहे ते एखाद्या अंकातलं पंधरा पानांचं काम असण्याची शक्यता बरीच. डॉ. जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही पहिली विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आली, तीही 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं टोपणनाव. म्हणजे लेखकाचं नाव पक्कं आठवत असलं तरी ते खरं नाव असेलच असं नाही.

याचा एक मासला. गोष्ट अशी: एक प्राध्यापक मुंबईत येतात तर मुंबईवर अजून इंग्रजांचं राज्य आहे. ते टाउन हॉलमधल्या एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून इतिहास चाळतात, तर त्यात पानिपतावर मराठे जिंकलेले. मग आझाद मैदानातल्या सभेत जाऊन थेट व्यासपीठावर चढतात. आमच्याकडे आलेल्या एका काकांचं म्हणणं की ही जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आहे आणि कव्हरवर तलवार होती. ऐतिहासिकचं कपाट त्यांनी दोनदा पालथं घातलं. ती नारळीकरांची कथा आहे, 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तलवार दुसऱ्याच कुठल्यातरी पुस्तकावरची. हीच कथा इंग्रजीत 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल'मध्ये धडा म्हणून लागली, त्यामुळे केंद्रीय बोर्डात शिकलेली तरुण मंडळीही तिचं 'पुस्तक' शोधत येतात.

शाळेचे धडे असे फार फसवतात. २१५७ सालची मुलगी, घरातच यंत्रशिक्षक, आणि तिच्या मित्राला माळ्यावर खरं कागदी पुस्तक सापडतं. हे आठवत असेल तर तो नववीच्या इंग्रजीच्या पुस्तकातला आयझॅक अ‍ॅसिमॉव्हचा धडा. कादंबरी नाहीच.

मग मासिकं. बालभारतीचं 'किशोर' नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. ज्यांच्या शाळेत किशोर यायचं त्यांनी कुठेही जाण्याआधी आपल्या सालचे अंक उघडून चित्रं पाहावीत. गोष्ट ओळखू येण्याआधी चित्र ओळखू येतं. अंतरकरांचं 'नवल' मासिक मोठ्यांसाठी असायचं, पण घरात पडलेलं ते पोरं वाचायचीच. आठवणीतली गोष्ट वयाच्या मानाने भलतीच भयंकर वाटत असेल तर तिकडे संशय घ्या.

इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघायची. वेताळाबरोबर, म्हणजे फँटमबरोबर, फ्लॅश गॉर्डनही असायचा, आणि परग्रहावरच्या क्रूर सम्राटाची आठवण बऱ्याचदा तिथली निघते. आणि दूरदर्शन विसरू नका. 'इंद्रधनुष' १९८९ चं, 'कॅप्टन व्योम' १९९८ चं. पुस्तकातला मुलगा आणि मालिकेतलं यान एकत्र होऊन नवीनच वस्तू तयार झालेली असते, आणि ती छापलेली कुठेच नसते.

फक्त विज्ञानकथेच्या कपाटात बघणं

बहुतेक जुन्या वाचनालयांत असं कपाटच नाही. लहान मुलांची पुस्तकं बालवाङ्मयात, मोठ्यांची कादंबऱ्यांत, कथासंग्रह कथांत. नारायण धारपांनी विज्ञानकथाही लिहिल्या, पण भुतांच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध असल्याने ते कायम भयकथांत. 'अद्भुत', 'साहसकथा', 'शास्त्रीय कादंबरी' अशीही लेबलं जुन्या यादीत दिसतात.

संगणकावर शोधताना देवनागरीतच टाइप करा आणि एकाच शब्दावर अडून बसू नका. अंतराळ, अवकाश, अंतरिक्ष. यंत्रमानव, रोबो, रोबोट. उडती तबकडी हा तर जुन्या बालसाहित्याचा लाडका शब्द.

दाखल रजिस्टर न विचारणं

ही युक्ती बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. यादी लेखकाच्या किंवा पुस्तकाच्या नावाने लावलेली असते, आणि तुम्हाला नेमकं तेच आठवत नाही. दाखल रजिस्टर मात्र खरेदीच्या क्रमाने लिहिलेलं असतं. लांबलचक, कापडी पुठ्ठ्याचं. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत आणि शेवटी शेरा असे रकाने. तुम्ही १९८५ च्या मे महिन्यात पाचवीची परीक्षा देऊन त्या वाचनालयात जायचात ना? मग त्याआधीच्या तीन-चार वर्षांची पानं काढा आणि किमतीच्या रकान्यावर बोट ठेवून खाली या. मुलांची पातळ पुस्तकं त्या काळी स्वस्त असत, त्यामुळे किमतीवरूनच वेगळी पडतात. आमच्याकडे मे महिन्याच्या सुट्टीआधी बालवाङ्मयाची मोठी खरेदी व्हायची, एकेका बिलावर वीस-पंचवीस नावं सलग. ती वाचताना माणूस मध्येच थांबतो आणि म्हणतो, "हे!"

शेऱ्यात 'बाद' किंवा 'गहाळ' असलं तरी हरकत नाही. पुस्तक गेलं, पण नाव, लेखक आणि प्रकाशक हाती लागला. उरलेला शोध एका दुपारचा.

मात्र ग्रंथपालांना गर्दीच्या वेळी, संध्याकाळी, हे मागू नका. सकाळी जा, नीट विचारा, आणि स्वतः पानं उलटायची तयारी ठेवा. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत अनेक घरांतली आणि तळमजल्यावरची पुस्तकं गेली. तुमचं लहानपणीचं वाचनालयच उरलं नसेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची यादी पाहा, संस्था १८९८ ची आहे. टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालयही आहे: १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकांनी देशातल्या चार ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, त्यांतलं एक मुंबईत. सगळे प्रकाशक पाठवतात असं नाही, पण पुष्कळ सापडतं. विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन चुनाभट्टीला आहे. स्पर्धेतली किंवा परिषदेच्या पत्रिकेतली कथा असावी असं वाटलं तर तिथे चौकशी करा.

कव्हरवर विश्वास

आवृत्ती बदलली की कव्हर बदलतं. निळं कव्हर शोधताना हातात आलेलं लाल पुस्तक न उघडता परत ठेवू नका. रंगापेक्षा कागद आणि बांधणी जास्त खरं बोलतात. सुबक छपाई, भरपूर चित्रं, मुलांची नावं साशा-कोल्या आणि किंमत अगदीच नगण्य, असं असेल तर ते सोव्हिएत पुस्तक. ती प्रदर्शनांत मिळायची, लोकवाङ्मय गृहासारख्या ठिकाणीही. आत 'रादुगा' असं प्रकाशकाचं नाव असेल तर पुस्तक १९८२ किंवा त्यानंतरचं, कारण त्याआधी ती संस्थाच नव्हती. 'मीर' किंवा 'प्रगती' असेल तर त्याआधीचंही असू शकतं.

चॅटबॉटने सांगितलं म्हणून खरं मानणं

हल्ली लोक मोबाइलवर नाव घेऊनच येतात. नाव छान, लेखक ओळखीचा, प्रकाशक पुण्याचा, सालही बरोबर बसतं. फक्त असं पुस्तक कधी निघालेलं नसतं. जुन्या मराठी बालसाहित्याबद्दल ही यंत्रं बिनदिक्कत थापा मारतात. कुठल्याही ग्रंथालयाच्या यादीत नोंद किंवा पुस्तकाचा फोटो दिसेपर्यंत ते नाव कुणाला पुढे पाठवू नका, नाहीतर तुमच्याच गटात ते आठवड्याभरात 'सगळ्यांना आठवायला' लागतं. गोष्टीची मूळ परदेशी कादंबरी ओळखायला मात्र त्यांचा उपयोग होतो.

अर्धवट प्रश्न विचारणं

"रोबोट असलेलं पुस्तक, कुणाला आठवतंय का?" याला उत्तर येत नाही, आली तर पन्नास येतात. असं लिहा:

"१९८६ किंवा ८७, मी पाचवीत. गिरगावात मामाकडे सुट्टीत वाचलं. मराठी, शंभरेक पानं, काळी-पांढरी रेखाचित्रं. पक्कं आठवतं: मुलगा परत येतो तेव्हा त्याचं हृदय उजवीकडे असतं. अंधुक: एक शास्त्रज्ञ काका. पाहून झालं, हे नाही: 'उजव्या सोंडेचा गणपती'."

पक्कं आणि अंधुक वेगळं लिहिणं महत्त्वाचं. आणि 'हे नाही' ही ओळ तर हवीच, कारण डावं-उजवं उलटं झालं म्हटलं की पहिले दहा जण नारळीकरांची तीच कथा सांगणार. सांगू देत, पण तुमचा वेळ जायला नको.

घाईने विकत घेणं

फ्लोरा फाउंटनचा किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचा फूटपाथ असेल तर प्रश्न नाही, तिथे पुस्तक हातात घेऊन चाळता येतं. ऑनलाइन जुनी पुस्तकं विकणारे मात्र 'दुर्मीळ' म्हणून काहीही भाव लावतात. पैसे पाठवण्याआधी कव्हरचा नको, आतल्या तीन पानांचा फोटो मागा: शीर्षकपान, त्यामागचं आवृत्त्यांचं पान आणि चित्र असलेलं कुठलंही एक पान. प्रथमावृत्तीचं साल तुमच्या पाचवीनंतरचं निघालं तर ते तुमचं पुस्तक नाही, विक्रेता काहीही म्हणो. पुनर्मुद्रण असेल तर चित्रं तीच ठेवलीत का, तेवढं विचारून घ्या.