स्पिलियार्टचा रात्रीचा समुद्र शाईने कसा रंगवायचा

समुद्र काढायचा म्हटलं की बहुतेकांचा हात आधी निळ्या ट्यूबकडे जातो, मग लाटा, मग फेस, मग एखादी होडी. लेऑन स्पिलियार्ट या बेल्जियन चित्रकाराची 1908 च्या आसपासची चित्रं बघा, त्यात यातलं बहुतेक काही नाही, कागद, पाणी घातलेली काळी शाई, कुठेतरी थोडी रंगीत पेन्सिल, बस्स. आणि तरी समोर पाणी आहे, खूप आहे आणि थंड आहे, हे बघताक्षणी कळतं. हे कसं जमतं ते शिकायचं असेल तर त्याची चित्रं शाईत कॉपी करणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला रस्ता आहे, पुस्तकं वाचून एवढं कळत नाही.

थोडं त्याच्याबद्दल, कारण त्याशिवाय चित्रं अर्धीच कळतात. जन्म 1881 चा, उत्तर समुद्राच्या काठावरचं ओस्टेंड. वडील परफ्युम बनवायचे, त्यांचा माल राजा लिओपोल्ड दुसरा याच्या दरबारात जायचा. लेऑन ब्रूजच्या आर्ट अकॅडमीत काही महिने गेला, तब्येतीमुळे ते सुटलं, बाकी सगळं स्वतःचं स्वतः शिकला. पोटाचं दुखणं आणि झोप न येणं हे दोन्ही कायम मागे लागलेलं, मग रात्री उठून समुद्राकाठच्या प्रोमेनाडवर, म्हणजे फिरायच्या रस्त्यावर, चालत सुटायचा. उन्हाळ्यात ओस्टेंड म्हणजे राजेशाही थाट, श्रीमंत टुरिस्ट, कसिनो, पण रात्री तेच गाव रिकामं, दिवे, ओले दगड आणि पलीकडे काळं पाणी. त्याने हे दुसरं ओस्टेंड रंगवलं. (त्याच गावात त्याच्याहून 21 वर्षांनी मोठा चित्रकार जेम्स एन्सोर मुखवटे आणि झगझगीत रंग घेऊन बसला होता, दोघांची ओळखही होती, पण स्पिलियार्ट त्या वाटेला गेला नाही याचं मला फार कौतुक वाटतं.)

ब्रश उचलायच्या आधी दोन चित्रं मोठ्या स्क्रीनवर उघडा आणि निवांत बघा. पहिलं 1904 चं ‘वाऱ्याचा झोत’, कठड्याला टेकलेली एक मुलगी, केस आणि कपडे वाऱ्याने एका बाजूला ओढले गेलेत. दुसरं 1908 चं ‘व्हर्टिगो’, उंचच उंच गोल पायऱ्या आणि वर एकटी बाई, तिचा स्कार्फ वाऱ्यावर. दोन्हीत लाट कुठेच उसळत नाहीये, भीती आहे ती कडेची, म्हणजे कठडा, पायरी, बांध जिथे संपतो ती रेघ. म्हणून पेन्सिलीने आधी ती कड शोधायची. प्रोमेनाडची एकच लांब तिरकी किंवा वळणारी रेघ, क्षितिज थोडं वर, आणि माणूस काढायचाच असेल तर एकच, छोटा. यापेक्षा जास्त डिटेल टाकलं की चित्र मेलंच समजा.

सामान साधं आहे. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, वॉटरकलर पेपर, तो ओला करून चारही बाजूंनी गम टेपने (पाणी लावून चिकटवायची कागदी पट्टी) बोर्डवर चिकटवून पूर्ण वाळू द्यायचा, नाहीतर वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या शाईचा पातळ पसरट थर, मारताना फुगतो आणि सगळं पाणी खड्ड्यात जाऊन बसतं. वॉटरप्रूफ इंडियन इंकची बाटली, एक मोठा फ्लॅट ब्रश, एक मधला गोल ब्रश, चार छोट्या वाट्या, टिश्यू पेपर. शाईत मिसळायला डिस्टिल्ड वॉटर घ्या, कारण क्षार जास्त असलेल्या पाण्यात शाईचे कण कधीकधी गोळा होतात आणि वॉशमध्ये दाणे दिसायला लागतात.

आता वाट्या. पहिल्या वाटीत भरपूर पाणी आणि शाईचा जेमतेम थेंब, इतकं फिकं की कागदावर आहे की नाही असं वाटावं, दुसरी त्याहून थोडी गडद, तिसरी अजून, चौथीत जवळपास नुसती शाई. प्रत्येक टोन वेगळ्या तुकड्यावर टाकून वाळल्यावर बघून घ्या, ओलं असताना दिसतो तेवढा तो गडद राहत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चौथ्या वाटीला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. रात्र म्हटली की लोक लगेच काळा फासतात आणि मग ते एक सपाट काळं छप्पर दिसतं. स्पिलियार्टचा अंधार थरांचा आहे, पातळ थरातून खालचा कागद थोडा थोडा दिसत राहतो म्हणून त्यात हवा आहे असं वाटतं.

दिव्यांच्या जागा आधीच ठरवून तिथे कागद कोरा सोडा. मग आकाश आणि पाणी स्वच्छ पाण्याने ओलं करा, कागद चकचकीत न दिसता नुसता दमट वाटेल तेव्हा पहिल्या वाटीचा वॉश वरून खाली ओढा, बोर्ड थोडा तिरका ठेवा म्हणजे शाई आपोआप उतरते, खालच्या कडेला शाई मण्यासारखी साचली की टिश्यूने टिपून घ्या. पूर्ण वाळू द्या. ही शाई एकदा वाळली की पुन्हा विरघळत नाही, म्हणून खालचा थर न हलता त्यावर दुसरा मारता येतो, पण याचाच अर्थ असाही की मध्येच थांबलात आणि कड वाळली तर ती रेघ कायमची, त्यामुळे एकेक वॉश एका दमात संपवायचा. दिव्याभोवती जाताना ओल्या ब्रशने कड मऊ करत जा, तेजाचं वलय तिथेच तयार होतं.

दिव्याचं पाण्यातलं प्रतिबिंब गोल काढू नका. हलत्या पाण्यावरची प्रत्येक छोटी लाट म्हणजे वेगळ्या कोनात धरलेला आरसा, त्यामुळे उजेड बघणाऱ्याच्या दिशेने उभा लांब ताणला जातो आणि मध्ये मध्ये तुटतो. तर सरळ उभी पट्टी कोरी ठेवायची आणि तिच्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वाटीतल्या शाईच्या आडव्या बारीक रेघा मारायच्या, दिव्याजवळ दाट, आपल्याकडे येताना विरळ. ओल्या फरशीवर हेच होतं, फक्त तिथे पट्टी कमी तुटते.

सगळं वाळल्यावर चौथी वाटी, कठडा, बांधाची कड आणि माणूस एवढ्यासाठीच. शेवटी हवी तर रंगीत पेन्सिल, निळा किंवा हिरवट, अगदी हलका हात. रंग लावलाय हे लगेच कळायला लागलं तर जास्त झालं. आणि ब्रश लगेच धुवा, वॉटरप्रूफ शाई केसांच्या मुळाशी वाळली की तो ब्रश गेला.

कॉपी करायला चित्रं मिळतात का, तर हो. स्पिलियार्ट 1946 मध्ये ब्रसेल्सला वारला, त्याला 70 वर्षं कधीच उलटून गेलीत, त्यामुळे युरोपात त्याच्या कामावर आता कॉपीराइट नाही आणि चांगल्या रिझोल्यूशनचे फोटो सापडतात. प्रत्यक्ष बघायची असतील तर ओस्टेंडचं म्यूझे, ब्रसेल्सचं रॉयल म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स आणि पॅरिसचं ऑर्से या तिघांकडे त्याची चित्रं आहेत. फक्त कागदावरचं काम उजेडाने खराब होतं म्हणून म्युझियमवाले ते आळीपाळीने आत ठेवतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी हवं ते चित्र सध्या भिंतीवर आहे का हे विचारून घ्या.