दोन अँटेना, एक स्कॅनर: जोडणी करताना या चुका टाळा

कोकण किनाऱ्यावर स्कॅनरला, म्हणजे अनेक कंपनसंख्यांवरचे संदेश ऐकवणाऱ्या रेडिओला, दोन अँटेनांची गरज जमिनीच्या ठेवणीमुळे पडते. व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या) लहरींचे क्षितिज, म्हणजे त्यांच्या पोहोचीची मर्यादा, किलोमीटरमध्ये काढण्यासाठी दोन्ही अँटेनांच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे काढून त्यांच्या बेरजेला ४.१२ ने गुणावे. दहा हजार मीटरवरचे विमान या हिशेबाने चारशे किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकते, परंतु चार मीटर उंच अँटेना असलेली मच्छीमार होडी नऊ मीटरच्या छपरावरून जेमतेम वीस किलोमीटरपर्यंतच पोहोचते. छपरावरची अँटेना शंभर मीटर उंचीच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) नेली, तर हे अंतर पन्नासच्या घरात जाते. म्हणून विमानांसाठी (११८ ते १३७ मेगाहर्ट्झ) अंगणातली अँटेना आणि सागरी संदेशांसाठी (१५६ ते १६२ मेगाहर्ट्झ) सड्यावरची, अशी मांडणी सुचते, आणि स्कॅनरला जागा मात्र एकाच केबलची असते.

येथे पहिली चूक होते ती तीन केबली थेट एकत्र जोडणाऱ्या ‘टी’ कनेक्टरची, आणि ती मीही केली आहे. विमानांची अँटेना सागरी कंपनसंख्येवर ५० ओहमची (स्कॅनर आणि केबलशी जुळणाऱ्या विद्युत रोधाची) राहत नाही; ती काय दाखवील हे तिच्या केबलच्या लांबीवर ठरते. १५६.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सागरी चॅनेल १६ वर, साध्या केबलमधील पाव तरंगलांबी सुमारे ३२ सेंटिमीटर भरते, आणि केबल नेमकी तेवढीच कापली गेली, तर ‘टी’पाशी जवळजवळ मोकळे असलेले टोक जवळजवळ शॉर्ट झाल्यासारखे वागू शकते. एखाद्याच्या घरी ‘टी’ उत्तम चालते आणि शेजारच्या वाडीत तीच जोडणी मुकी होते, याचे कारण हेच. शिवाय दोन्ही अँटेना एकच संदेश पकडत असतील, तर तो दोन वाटांनी वेगवेगळ्या कलेत (लहरींचे चढउतार पुढेमागे होऊन) पोहोचतो आणि काही दिशांना स्वतःलाच खोडून काढतो. हा दुसरा दोष कोणत्याही जोडणीने पुरता जात नाही, म्हणून कंपनसंख्यांच्या एकाच पट्ट्यासाठी दोन अँटेना जोडू नयेत.

‘टी’ऐवजी केबल टीव्हीचा दोन वाटांचा स्प्लिटर (एका केबलचा संदेश दोहोंत वाटणारा जोड) उलटा वापरावा. तो ७५ ओहमचा असल्याची काळजी करू नये, कारण ५० ओहमशी होणाऱ्या विजोडामुळे जाणारा भाग एका डेसिबेलच्या (संदेशाची घट-वाढ मोजण्याच्या मापाच्या) पाचव्या हिश्शाएवढाच असतो. खरी किंमत वेगळी आहे: प्रत्येक अँटेनेचा साधारण साडेतीन डेसिबेल, म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक संदेश स्प्लिटरमध्येच जातो. दोन पट्टे एकमेकांपासून दूर असते, तर डायप्लेक्सरने (कंपनसंख्येनुसार वाट देणाऱ्या फिल्टर-जोडाने) हे नुकसान वाचले असते. परंतु १३७ आणि १५६ यांच्यातील अंतर इतके थोडे आहे की टीव्हीचा व्हीएचएफ-यूएचएफ डायप्लेक्सर येथे निरुपयोगी ठरतो.

सड्यावरून घरापर्यंत साठ मीटर आर.जी.-५८ केबल टाकली, तर सागरी पट्ट्यावर बारा डेसिबेलच्या आसपास तिथेच संपतात, आणि स्प्लिटरचे साडेतीन त्यावर चढतात. टीव्हीची आर.जी.-६ स्वस्त असूनही यातील निम्म्याहून अधिक नुकसान वाचवते. अँटेनेपाशी ॲम्प्लिफायर बसवायचा असेल, तर त्याला केबलमधून जाणारी वीज स्प्लिटरने अडवली तर नाही ना, किंवा दुसऱ्या अँटेनेच्या लूपमधून ती शॉर्ट तर होत नाही ना, हे मीटरने तपासावे. जवळपास एफएम प्रक्षेपण मनोरा असल्यास ॲम्प्लिफायरच्या आधी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर लावावा, अन्यथा स्कॅनर भलत्याच चॅनेलवर गाणी ऐकवू लागतो.

जोडणीनंतर खरखर वाढली, तर प्रथम स्प्लिटरवर संशय घेऊ नये. अंगणातली अँटेना एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि पंपाचा कंट्रोलर यांचा कचराही गोळा करते आणि तो सागरी पट्ट्यात आणून सोडते. तिची केबल काढून त्या पोर्टला ७५ ओहमचे टर्मिनेटर (मोकळे पोर्ट बंद करणारे टोपण) लावावे व १६१.९७५ किंवा १६२.०२५ मेगाहर्ट्झ ऐकावे. मोठ्या जहाजांचे एआयएस (आपली ओळख व ठिकाण आपोआप कळवणारे) संदेश तेथे तुटक गुरगुरीसारखे सतत येत असतात, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या बोलण्याची वाट पाहावी लागत नाही. केबल काढताच गुरगुर स्पष्ट झाली, तर दोष घराच्या विजेत आहे. तशीच राहिली, तर सड्यावरची बाजू तपासावी.

त्याच स्प्लिटरवर प्रक्षेपण करणारा संच कधीही जोडू नये. दोन पोर्टमधील अलगता वीस डेसिबेलच्या आसपास असते, आणि पंचवीस वॅटच्या संचातून तेवढी गळती स्कॅनरचा पुढचा टप्पा जाळण्यास पुरेशी ठरते. (बिनतारी उपकरण बाळगण्याचे परवान्याचे नियमही खरेदीपूर्वीच पाहून घ्यावेत.)

खाऱ्या वाऱ्यात बीएनसी जोड हिरवा पडतो आणि पाणी विणलेल्या जाळीतून आत झिरपत जाते, मग नुकसान महिन्यागणिक वाढते. जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप आणि तिच्यावर साधी टेप गुंडाळावी, घरात शिरण्याआधी केबलला खालच्या बाजूस एक झोळ द्यावा, आणि स्प्लिटर माडाच्या खोडावर न ठोकता पडवीत ठेवावा. वळवाच्या गडगडाटापूर्वी मात्र दोन्ही केबली स्प्लिटरवरून काढून घराबाहेर सोडाव्यात. एकच काढली, तर दुसरीतून येणारा झटका स्कॅनरपर्यंत पोहोचतोच.