बाप्पाला पोलीस करू नका

लालबागच्या एका बालवाडीत मी २९ वर्षं ताई होते. पालक विचारायचे, "ताई, शुभंकरोती कधीपासून शिकवायचं?" ते येतं हो, ऐकून ऐकून येतं. आधी हे बघा, की पोर रात्री दचकून उठलं तर त्याला जवळ कोण घेतं आणि कसं घेतं. तीन-चार वर्षांच्या मुलाचा देव बराचसा त्याला उचलून घेणाऱ्या माणसांसारखा असतो. आपण विठ्ठलाला माउली म्हणतो, ते काय उगाच? ॲना-मारिया रिझुटो या मनोविश्लेषक बाईंनी १९७९ साली हेच मांडलं: मूल आपल्या मनातला देव आईवडिलांच्या अनुभवातून घडवतं.

मला हे माझ्या लेकीने शिकवलं. ती चार वर्षांची असताना "बाप्पा बघतोय हं!" हे माझं ठरलेलं वाक्य होतं. एकदा कामावरून आले तर देव्हाऱ्यातल्या गणपतीवर नॅपकिन टाकलेला. तिच्या हातून दुधाचं पातेलं लवंडलं होतं. मला म्हणाली, "आता त्याला दिसत नाही ना?" मी तो नॅपकिन काढला आणि तिला मांडीवर घेऊन बराच वेळ बसले.

तेव्हा पहिलं काम हे करा. "देव शिक्षा करेल", "बाप्पा कान कापेल" ही वाक्यं घरातून काढून टाका. आजीआजोबांनाही सांगा, प्रेमाने सांगा. राग आला असेल तर तो स्वतःच्या नावावर घ्या: "मला राग आलाय. दूध गरम असतं तर भाजली असतीस. चल, दोघी मिळून पुसू." शेवटचं वाक्य विसरू नका. ओरडल्यानंतर जवळ घेणारं माणूस ज्याला मिळतं, त्याला चुकल्यावरही देवासमोर उभं राहता येतं.

दुसरं, कामाला निघताना पळून जाऊ नका. गाडी चुकेल म्हणून मुलाला टीव्हीसमोर बसवून हळूच सटकणारे आईबाप मी रोज बघायचे. मूल रडेल, रडू द्या. पण सांगून जा, परत कधी येणार ते त्याला कळेल असं सांगा ("दिवे लागले की येते"), आणि आल्यावर पिशवी खाली ठेवून आधी त्याला भेटा. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला साधारण वर्षा-दीड वर्षाच्या मुलांना आईपासून थोडा वेळ दूर ठेवून पाहिलं. मूल किती रडलं यापेक्षा आई परतल्यावर ते तिच्याकडे कसं येतं, यातून त्यांना नात्याबद्दल जास्त कळलं. विसर्जनाला हुंदके देणाऱ्या मुलाला "पुढच्या वर्षी लवकर या" पटायला हवं असेल, तर रोज संध्याकाळी परत येणारं माणूस त्याच्या ओळखीचं हवं.

आई किंवा वडील नसतील, किंवा असून नसल्यासारखे असतील, तर सगळं संपलं असं मुळीच नाही. आजी, मावशी, शेजारची काकू, रोज तेच माणूस असलं म्हणजे झालं. काही माणसं तर घरात न मिळालेला आधार पुढे देवातच शोधतात. त्यांच्या भक्तीला कमी लेखू नका.

आता मुलाच्या मनात काय आहे ते कसं कळेल? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ पेर ग्रॅनक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ साली पाच ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगितल्या आणि गोष्टीतल्या मुलापासून देव किती अंतरावर आहे ते मांडायला लावलं. गोष्टीतलं मूल संकटात असलं की देव त्याच्या जवळ ठेवला जायचा. घरी हे सोपं आहे. कागदावर आजारी मुलाचं चित्र काढा, हातात एक बटण द्या आणि म्हणा, "हा बाप्पा. कुठे ठेवशील?" ही परीक्षा नव्हे. बटण दाराबाहेर ठेवलं म्हणून घाबरू नका, "देव तर सगळीकडे असतो" म्हणून दुरुस्तही करू नका. "तिथे का रे?" एवढंच विचारा आणि गप्प बसा.

माझ्या नातवाने गेल्या पावसाळ्यात, अंगात ताप असताना, बटण चित्रातल्या उशीखाली सरकवलं. का, म्हटलं तर म्हणाला, "आजी, तू पाणी आणायला जातेस ना, तेव्हा."