सांधा काढला, पाय आहे: असा रुग्ण कोड कसा करायचा

आमची आत्या मालवणला असते. तिच्या डाव्या गुडघ्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्याला जंतुसंसर्ग झाला आणि तो काढावा लागला. मी भेटायला गेले तेव्हा ती पडवीत पाय लांब करून बसली होती. म्हणाली, "माजां ढोपार काढल्यानी गो, आता थंय सिमीट भरलां हा."

मी पावसला घरी बसून अमेरिकेतल्या इस्पितळांच्या फायलींचं डायग्नोसिस कोडिंग करते, म्हणजे रुग्णाच्या आजाराला आणि स्थितीला ठरलेला कोड लावते. तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही कोडची यादी चालते. त्यातला जो कोड नव्या मुलामुलींना सगळ्यात जास्त अडवतो, तो आत्याने एका वाक्यात सांगून टाकला. सांधा काढलेला, त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेलं बोन सिमेंट म्हणजे स्पेसर, आणि पाय जिथल्या तिथे. डाव्या गुडघ्यासाठी हा कोड झेड८९.५२२.

पहिल्या वर्षी मी इथेच चुकले होते. फायलीत गुडघ्याचा सांधा नाही असं वाचलं आणि झेड८९.६१२ टाकला. तो गुडघ्याच्या वर पाय कापलेल्यांचा कोड आहे. ऑडिटमधून फाइल परत आली. त्या बाई वॉकर धरून दोन्ही पायांवर चालत होत्या आणि माझ्या कागदावर त्यांना डावा पायच नव्हता. ती फाइल मी अजून विसरलेले नाही.

म्हणून कोड शोधण्याआधी दोन प्रश्न विचारा. आज सांध्याच्या जागी काय आहे? आणि रुग्ण आज कशासाठी आलाय? आत्याची फाइल कुणी अमेरिकन पद्धतीने कोड केलेली नाही, पण शिकवताना मी तिचाच गुडघा पुढे ठेवते.

सुरुवातीला तिचा स्वतःचा सांधा होता, झिजलेला. आपण संधिवात म्हणतो तो हा. डाव्या गुडघ्याची प्राथमिक झीज, एम१७.१२. आमवात वेगळा, तो एम०५ किंवा एम०६ मध्ये जातो. आपल्याकडे बोलताना दोन्ही एकाच पिशवीत टाकतात, कोडिंगमध्ये तसं करू नका. निदान पक्कं झालं असेल तर गुडघेदुखीचा एम२५.५६२ सोबत लावू नका. दुखणं त्या झिजेतच आलं. आणि ओपीडीच्या कागदावर डॉक्टरांनी "संशय" किंवा "बहुधा" लिहिलं असेल, तर तो आजार कोड करायचा नाही. तेव्हा मात्र दुखणंच कोड करायचं.

दोन्ही गुडघे झिजलेले असतील तर एम१७.०. पण एक बदलून झाला आणि रुग्ण दुसऱ्यासाठी आला, की एम१७.० संपला. बदललेल्या गुडघ्यात झीज उरत नाही. उरलेल्या उजव्याला एम१७.११ आणि बदललेल्या डाव्याला झेड९६.६५२, कृत्रिम सांधा असल्याचा.

आता संसर्ग. डाव्या गुडघ्यातल्या कृत्रिम सांध्याच्या संसर्गाचा कोड टी८४.५४एक्सए, आणि जंतू कळला असेल तर त्याचा वेगळा कोड. साधा स्टॅफ ऑरियस असेल तर बी९५.६१, मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा असेल तर बी९५.६२. शेवटच्या "ए"वर बरेच जण घसरतात. रुग्ण तिसऱ्यांदा आला म्हणून नंतरच्या भेटीचा "डी" लावतात. "ए"चा अर्थ पहिली भेट असा नाही. त्या संसर्गावर उपचार चालू आहेत तोवर "ए"च, मग सांधा कितीही वर्षांपूर्वी बसवलेला असो. सांधा काढायला भरती झाली तेव्हाही मुख्य कोड हाच.

यानंतरचे आठवडे सगळ्यात नाजूक. आत्या पडवीत बसली होती ते हेच दिवस. समजा तेव्हा तिला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप झाला असता, आपल्याकडे भातलावणीच्या दिवसांत होतो तसा, आणि त्यासाठी भरती केलं असतं, तर मुख्य कोड लेप्टोचा, ए२७ मधला, आणि सोबत झेड८९.५२२. पुढचा डॉक्टर त्या एका कोडवरून ओळखेल की या पायात सांधा नाही. इथे झेड९६.६५२ लावलात तर घोटाळा होईल. स्पेसर हा तात्पुरता टेकू आहे, त्याला कृत्रिम सांधा म्हणायचं नाही.

पण ती नवा सांधा बसवायला आली, तर चित्र बदलतं. तेव्हा मुख्य कोड झेड४७.३३, म्हणजे सांधा काढल्यानंतरचा पुढचा टप्पा. मग त्याच भेटीत त्याच गुडघ्याला झेड८९.५२२ लावायचा नाही. पुस्तकात झेड४७.३३ खाली एक्सक्लूड्स वनची नोंद आहे, म्हणजे हे दोन कोड एकत्र चालत नाहीत. कोडमधलं नाव वाचून थांबू नका, खालच्या बारीक ओळी वाचा. माझं अर्धं काम त्या ओळींत असतं. नवा सांधा बसला, की पुढच्या भेटींना पुन्हा झेड९६.६५२.

खुब्याला आणि खांद्याला हीच वाट. काढलेल्या खुब्याचा झेड८९.६२, खांद्याचा झेड८९.२३, आणि पुढच्या टप्प्यासाठी झेड४७.३२ आणि झेड४७.३१. जन्मतःच अवयव नसेल तर तो यात बसत नाही, त्याला क्यू७१ ते क्यू७३ पाहायचे.

आणि बाजू. बहुतेक कोडच्या शेवटी १ म्हणजे उजवा, २ म्हणजे डावा. हात त्या सवयीचा होतो. पण टी८४.५ मध्ये तसं नाही: टी८४.५१ उजवा खुबा, ५२ डावा खुबा, ५३ उजवा गुडघा, ५४ डावा गुडघा. डावा म्हणून सवयीने २ दाबलात, तर आत्याचा संसर्ग गुडघ्यातून खुब्यात गेला. मी टी८४ आला की कीबोर्डवरचा हात उचलते, ऑपरेशनच्या नोंदीतली बाजू मोठ्याने वाचते आणि मगच आकडा टाकते.