मुलांसाठी पहिली एअर रायफल: वजन, धक्का आणि माप

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून माझ्याकडे चौकशीला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न एकच असतो: रायफल कोणत्या कंपनीची घ्यावी? हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा आहे. आधी माझ्या मुलीसाठी, मग पुतणीसाठी आणि त्यानंतर कोथरूड-बाणेरकडच्या ओळखीच्या आठ-दहा मुलांसाठी रायफली निवडताना मी एवढेच शिकलो की, दहा-बारा वर्षांच्या मुलाला रायफल हलकी हवी, धक्का न देणारी हवी आणि त्याच्या अंगाला बसणारी हवी. या तीन गोष्टी जुळल्या नाहीत तर जर्मनीहून आणलेली सर्वांत महाग रायफलही त्या मुलाच्या उपयोगाची नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आहे, त्यामुळे घरातल्या मुलाला रायफल देताना ती कागदाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यासाठीच आहे, पाखरांवर किंवा भटक्या जनावरांवर ती कधीही रोखायची नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावे. ४.५ मिलीमीटर बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. पॉइंट टू टू म्हणजे ०.२२ इंच बोअरच्या काडतुसाच्या रायफलीला तो लागतो, आणि तिचा विचार पुढे काही वर्षांनी करावा.

खरेदीपूर्वी निदान चार-सहा महिने रेंजच्या, म्हणजे नेमबाजी केंद्राच्या, रायफलीवर सराव होऊ द्यावा.

त्याआधी मुलाचा प्रभावी डोळा कोणता ते पाहून घ्यावे. दोन्ही हात पुढे करून तळव्यांच्या मध्ये लहानशी फट ठेवावी, त्या फटीतून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला ती वस्तू दिसत राहते तो प्रभावी डोळा. तो डावा निघाला आणि मूल उजव्या हाताने लिहीत असले, तर निर्णय प्रशिक्षकांसोबत बसून आणि दोन्ही बाजूंनी काही दिवस उभे राहून पाहिल्यावरच घ्यावा, कारण डाव्या आणि उजव्या बाजूच्या रायफलींचे स्टॉक, म्हणजे हातात धरायचा आणि खांद्याला टेकणारा भाग, वेगळे असतात आणि नंतर बदल महागात पडतो.

धक्क्याबद्दल

एअर रायफलीला धक्का नसतो असे दुकानात सर्रास सांगितले जाते. ते स्प्रिंगच्या रायफलीबाबत चुकीचे आहे. दहा मीटरच्या लक्ष्यासाठी वापरला जाणारा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो, आणि स्प्रिंगच्या रायफलीत त्याला ढकलणारा पिस्टन पाव किलोच्या आसपास असतो. ट्रिगर दाबल्यावर हा पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल आधी मागे सरकते, आणि पिस्टन पुढच्या टोकाला पोहोचून थांबला की ती पुढे हिसका खाते. या काळात छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे लहान मुलाच्या हातातली रायफल छर्रा बाहेर पडण्याआधीच हललेली असते, आणि आपण नेम चुकवला की रायफलीने, हे त्याला कळायला मार्ग राहत नाही. असे शंभर छर्रे मारल्यावर ट्रिगर दाबताना डोळे मिटण्याची सवय लागते, जी सोडवायला प्रशिक्षकांना महिने लागतात.

दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलीत हे होत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास वेगाने निघतो, त्याची ऊर्जा आठ ज्यूल भरते आणि साडेतीन-चार किलोच्या रायफलीला त्याची प्रतिक्रिया जाणवतही नाही. म्हणून स्पर्धेचा विचार असेल तर स्प्रिंगची स्वस्त रायफल ‘आधी शिकायला’ म्हणून घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे. तेवढे पैसे रेंजच्या फीमध्ये घालावेत.

वजन: मी केलेली चूक

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिचे वजन ३६ किलो होते. एका अनुभवी गृहस्थांनी मला सांगितले की रायफल जड असली की स्थिर राहते आणि वाढत्या वयात पुढेही पुरते. मी त्यांचे ऐकून मोठ्या माणसाच्या मापाची ४.८ किलोची वापरलेली रायफल घेतली. शाळेचा गणवेश दोन मापे मोठा शिवावा तसा तो हिशेब होता. गणवेश ढगळ झाला तर बाही दुमडता येते, रायफलीचे वजन मात्र दुमडता येत नाही.

सल्ल्यातली अर्धी गोष्ट खरी आहे: जड वस्तू हाताच्या लहान थरथरीने कमी हलते. परंतु उभे राहून नेम धरताना रायफलीचा बराचसा भाग शरीराच्या पुढे येतो, आणि तोल साधण्यासाठी नेमबाजाला कंबरेतून मागे झुकावे लागते. ७२ किलोच्या माणसाच्या हातातली ४.८ किलोची रायफल त्याच्या वजनाच्या सुमारे सात टक्के असते. माझ्या मुलीसाठी तीच तेरा टक्क्यांवर गेली होती. ती जितकी मागे झुकायची तितका भार मणक्याच्या खालच्या भागावर यायचा. चौथ्या महिन्यात तिची कंबर दुखू लागली. पहिल्या चाळीस छऱ्यांपर्यंत ठीक असलेले गुण शेवटच्या वीसमध्ये कोसळायचे, आणि मी त्याला एकाग्रतेचा अभाव समजून तिला बोलत राहिलो. डॉक्टरांनी सहा आठवडे सराव बंद करायला लावला तेव्हा दोष रायफलीच्या वजनाचा आहे हे माझ्या लक्षात आले. ही चूक सर्वस्वी माझी होती, आणि म्हणूनच वजनाच्या बाबतीत मी कोणाचीही भीड ठेवत नाही.

माझा ठोकताळा असा आहे: रायफल मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जड नको. स्पर्धेच्या नियमांत दहा मीटर एअर रायफलीला ५.५ किलोची कमाल मर्यादा आहे, किमान मर्यादा नाही, त्यामुळे हलक्या रायफलीने स्पर्धेत काहीही अडत नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या ज्युनिअर रायफली साडेतीन ते चार किलोच्या दरम्यान मिळतात. माहितीपत्रकातल्या आकड्यावर विसंबू नये; साइट (नेम धरायची जोडणी), भरलेला सिलिंडर आणि सर्व जोडण्यांसह रायफल काट्यावर ठेवून पाहावी. पुढे मूल वाढले की नळीवर आणि स्टॉकवर वजने जोडता येतात, परंतु मुळात जड असलेल्या रायफलीतून वजन काढता येत नाही.

तोलही महत्त्वाचा आहे. रायफल एका बोटावर आडवी तोलून पाहावी. तोलाचा बिंदू मुलाच्या आधाराच्या हाताच्या जवळपास यायला हवा. तो फार पुढे असेल तर एकूण वजन कमी असूनही ती रायफल नळीकडे जड पडते.

खरेदीआधी मी प्रत्येक मुलाकडून एक चाचणी करून घेतो. रिकाम्या रायफलीने वीस सेकंद नेम धरायचा, चाळीस सेकंद स्टँडवर ठेवायची, असे वीस वेळा. मी समोरून पाहत नाही, बाजूने पाहतो. बाराव्या-तेराव्या वेळेपासून कंबर पुढे ढकलली जाऊ लागली किंवा खांदे मागे जाऊ लागले, तर ती रायफल जड आहे, मूल ‘जमतंय’ म्हणत असले तरीही. मुले हौसेपोटी नाही म्हणत नाहीत. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे असतात, त्याआधीचे सरावाचे वेगळे, आणि या प्रकारात पट्ट्याचा आधार घेता येत नाही.

माप: इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा

रायफलीची मागची बाजू कोपराच्या खळगीत ठेवून बोट ट्रिगरला पोहोचते का ते पाहायचे, ही पद्धत अजूनही दुकानात दाखवली जाते. ती शिकारीच्या रायफलीची पद्धत आहे. दहा मीटरच्या उभ्या नेमबाजीत शरीर लक्ष्याला जवळजवळ काटकोनात असते, उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचे डावे कोपर कंबरेच्या हाडावर टेकलेले असते आणि रायफल त्या हाडांच्या खांबावर उभी असते. कोपराच्या खळगीतल्या मापाचा या स्थितीशी संबंध नाही.

हलकी रायफल घेतल्यावरही माझ्या मुलीचे गुण तीन महिने जागचे हलले नाहीत. तिचे डोके रायफलीकडे वाकत होते. चीक पीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग, खाली होता, त्यामुळे ती मान झुकवून भुवईखालून पीप साइटमध्ये (मागच्या छिद्राच्या साइटमध्ये) पाहायची, आणि दोन मिनिटांत मानेचे स्नायू ताठरायचे. डोके सरळ राहिले पाहिजे आणि रायफल डोळ्यापर्यंत आली पाहिजे, हे वाक्य मी अनेकदा ऐकले होते. ते प्रत्यक्षात कसे आणायचे हे मला कोणी सांगितले नव्हते. बालेवाडीच्या रेंजवर एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी क्रम दाखवला, तोच मी आजही पाळतो.

आधी मुलाला रायफलीशिवाय त्या स्थितीत उभे करावे: पाय, कंबर, कोपर हाडावर, मान सरळ, नजर समोर. कोपर टेकल्यावर तळहातापासून डोळ्यापर्यंत जे उभे अंतर उरते, ते रायफलीने भरून काढायचे असते. लांब मानेच्या आणि आखूड हाताच्या मुलांमध्ये हे अंतर बरेच असते. ते भरण्यासाठी फोरएंडच्या (स्टॉकच्या पुढच्या भागाच्या) खाली ठोकळा लावता येतो, बट प्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) खाली सरकवून रायफल वर घेता येते आणि साइट्सखाली उंची देता येते. त्यानंतर बट प्लेटची लांबी ठरवावी. ट्रिगरचे बोट मनगट न वळवता ट्रिगरवर सरळ आले पाहिजे. लांबी जास्त असेल तर मूल खांदा मागे खेचते आणि मागे झुकण्याचा तोच दोष वेगळ्या वाटेने परत येतो. चीक पीस सर्वांत शेवटी लावावा, कारण आधीचे प्रत्येक माप बदलले की तो बदलतो. मी नेमके उलट करत होतो. चीक पीसपासून सुरुवात करून दर आठवड्याला सगळे पुन्हा बिघडवत होतो.

हे सर्व नेमबाजीचे जॅकेट घालूनच करावे. जॅकेटचे कापड नियमानुसार अडीच मिलीमीटरपर्यंत जाड असू शकते, आत जर्सी असते, आणि टी-शर्टवर घेतलेले माप जॅकेटवर लांब पडते.

मग तपासणी. मुलाने डोळे मिटून स्थिती घ्यावी, दोन-तीन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. मागच्या साइटच्या छिद्रात पुढची रिंग आपोआप मध्यभागी दिसली तर माप जमले. ती पाहण्यासाठी डोके किंचितही हलवावे लागले तर माप चुकले आहे, आणि ते मुलाने नव्हे, रायफलीने सुधारायचे आहे. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलीमीटर असतो. डोळ्याची जागा दर वेळी वेगळी असेल तर त्याला पुन्हा पुन्हा भेटणे शक्य नाही.

खरेदीच्या वेळी यावरून एकच गोष्ट पाहावी. स्टॉकची सर्व मापे सर्वांत आखूड करून मुलाला उभे करावे. तरीही रायफल लांब पडली तर ती परत ठेवावी, विक्रेता कितीही सवलत देवो. आखूड केल्यावर नीट बसली आणि पुढे लांबवायला जागा उरली, तर मुलाच्या पुढच्या काही वर्षांच्या वाढीची सोय तिच्यातच आहे. कंपनीचा प्रश्न आता विचारावा. वाल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ यांच्या ज्युनिअर रायफली चांगल्या आहेत, आणि अंबरनाथच्या प्रेसिहोलच्या देशी रायफलीही मुलाला हातात देऊन पाहाव्यात. यांपैकी जी वरच्या चाचणीत बसते ती घ्यावी.

वापरलेली रायफल घेताना

सिलिंडरवरची तारीख वाचावी. साधारणपणे त्याची मुदत दहा वर्षांची असते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. त्यात २०० बार दाबाची हवा असते, त्यामुळे हा केवळ नियमाचा नव्हे, सुरक्षेचा प्रश्न आहे. सिलिंडर भरून एक रात्र ठेवावा आणि सकाळी दाब तोच आहे का ते पाहावे. रायफल शिकंजात धरून पाच छर्रे मारावेत. चांगल्या नळीत ती पाचही भोके एकमेकांत मिसळतात. न मिसळल्यास ४.४९ आणि ४.५० मिलीमीटर मापाचे दुसरे छर्रे वापरून पाहावेत आणि मगच नळीला दोष द्यावा.

ट्रिगर सुरुवातीला फार हलका ठेवू नये. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडू देऊ नये. नळीत सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण), पेटीला कुलूप, आणि किल्ली मोठ्या माणसाकडे.

सर्व मापे एका वहीत लिहून ठेवावीत: बट प्लेटची लांबी आणि उंची, चीक पीसची उंची, साइटची जागा, तारीख आणि मुलाची उंची. दर तीन महिन्यांनी मुलाची उंची मोजावी आणि दोन सेंटिमीटर वाढलेली दिसली की डोळे मिटून करायची तपासणी पुन्हा करावी. माझ्या मुलीच्या वहीत दोन वर्षांत नऊ नोंदी झाल्या. तिची ती हलकी रायफल आता पुतणीकडे आहे, आणि पहिल्या दिवशी आम्ही सगळी मापे पुन्हा सर्वांत आखूड केली.