लाइट स्कॅटरिंगने पॉलिमरचा रेणुभार मोजताना या चुका टाळा

सॉफ्टवेअर आकडा देतंच. साखळ्यांना आकारानुसार वेगळं करणारा कॉलम कितीही थकलेला असो, रिपोर्टच्या तळाशी एमडब्ल्यू (भारानुसार सरासरी रेणुभार), एमएन (संख्येनुसार सरासरी) आणि पीडीआय (या दोहोंचं गुणोत्तर) छापून येतात. म्हणून मी आधी रिपोर्ट बघत नाही. डिटेक्टरच्या आलेखातल्या शिखराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेणुभाराची रेघ कशी उतरते ते बघतो.

एका चुकीत मात्र ही रेघही दगा देते, ती म्हणजे डीएन/डीसी. सांद्रतेनुसार द्रावणाचा अपवर्तनांक किती बदलतो, तो हा आकडा. टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये पॉलिस्टायरीनचा ०.१८५ मिलि/ग्रॅम, पीएमएमएचा (ॲक्रिलिकचा) जेमतेम ०.०८५. सॉफ्टवेअरमधली पॉलिस्टायरीनची जुनी मेथड तशीच ठेवून पीएमएमए चालवलं, आणि सांद्रता आरआय (अपवर्तनांक मोजणाऱ्या) डिटेक्टरकडून घेतली, तर रेणुभार निम्म्याहून कमी येतो. रेघ सुबक, शिखर सुबक, संशयाला जागाच नाही! चोर पकडायचा तर वस्तुमानाचा हिशेब करा. २ मिग्रॅ/मिलि द्रावणाचे १०० मायक्रोलिटर म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. सॉफ्टवेअर ९२ च्या आसपास सांगत असेल, तर आधी डीएन/डीसी तपासा, पॉलिमर कॉलममध्ये अडकलं का ते नंतर. सिलिकोनवाल्यांचं दुखणं वेगळं: पीडीएमएस, म्हणजे सिलिकोनचं पॉलिमर, टीएचएफमध्ये जवळपास दिसतच नाही. टोल्युइन घ्या. तिथे आरआयचं शिखर उलटं पडतं. यंत्र बिघडलेलं नसतं.

दोन डिटेक्टरांमधली नळी बदलली आणि डिले व्हॉल्यूम (दोघांमधल्या नळीचं आकारमान) जुनाच राहिला, हेही नेहमीचं. ३०,००० रेणुभाराचं अरुंद (जवळपास सारख्याच लांबीच्या साखळ्यांचं) पॉलिस्टायरीन चालवा. शिखराच्या मधल्या भागात रेघ आडवी हवी. तिरकी आली तर डिले चुकलाय. नॉर्मलायझेशनही (वेगवेगळ्या कोनांतले डिटेक्टर एकमेकांशी जुळवणं) याच नमुन्यावर होतं, कारण इतका लहान रेणू सगळ्या कोनांत सारखाच प्रकाश फेकतो. सॉल्व्हंट बदलला की ते पुन्हा करायचं, कंटाळा आला तरी.

लाइट स्कॅटरिंगवर टोकदार काटे, पण आरआय गप्प? धूळ किंवा गुठळ्या. तोच नमुना पुन्हा इंजेक्ट करा: धूळ कुठेही उगवते, गुठळ्या त्याच जागी येतात. नवा कॉलम स्वतःच बारीक कण सोडतो, त्यामुळे त्याला रात्रभर डिटेक्टर न जोडता वाहू द्या. आणि विरघळत नाही म्हणून सोनिकेटरमध्ये टाकू नका. लांब साखळ्या तुटतात, मग मोजायचं काय? रात्रभर हळू ढवळा.

राहिला एमएन. विखुरलेला प्रकाश सांद्रता आणि रेणुभार या दोहोंच्या गुणाकारावर ठरतो, त्यामुळे लहान साखळ्यांची शेपटी गोंगाटात बुडते, एमएन फुगतो आणि पीडीआय उगाच देखणा दिसतो. १.०२ बघून पेढे वाटण्याआधी शिखराची उजवी, म्हणजे लहान साखळ्यांकडची, सीमा कुठे आखलीय ते बघा. रेणूच्या त्रिज्येचंही तसंच: १० नॅनोमीटरखाली कोनानुसार फरक जवळपास पडत नाही, तरी सॉफ्टवेअर ७.३ असा आकडा बिनधास्त छापतं. मी तो खोडतो.