टेबल लावण्याआधी दळण तपासा

गुरुत्वीय पृथक्करणाच्या, म्हणजे जड आणि हलकी खनिजे घनतेच्या फरकाने वेगळी करण्याच्या, क्षेत्रात येणाऱ्या नवोदितांना घनतेचे गणित शिकवावे लागत नाही. मला मात्र नेमके तेच गणित महागात पडले. कॅसिटेराइट या कथिलाच्या खनिजाची घनता सुमारे ७ आणि क्वार्ट्झची २.६५, दोन्हींतून पाण्याचा १ वजा करून भागाकार केला की ३.६ येतात, आणि उत्तर २.५ च्या वर गेले की काम सोपे, असे आपण सारेच शिकतो. त्या आकड्यावर विसंबून मी शेकिंग टेबल (पाण्याच्या पातळ थराखाली धक्क्यांनी हलणारा तिरका पाट) लावले आणि तीन महिने कथील टेलिंग्जमध्ये, म्हणजे टाकाऊ मालात, वाहून घालवले.

त्या काळात उतार, धक्क्याची लांबी, धुण्याचे पाणी असे सारे काही बदलून पाहिले. डेकवर, म्हणजे टेबलाच्या पृष्ठभागावर, कॅसिटेराइटचा काळसर पट्टा रोज स्वच्छ उमटत असल्याने शंका दुसरीकडे गेलीच नाही. अखेर टेलिंग्ज चाळून आणि चाळणीखालचा गाळ निवळवून प्रत्येक आकारगटाचे वेगळे विश्लेषण केले, तेव्हा हरवलेले बहुतेक कथील २० मायक्रॉनहून बारीक कणांत सापडले. दोष दळणात, म्हणजे धातुक बारीक करण्याच्या टप्प्यात, होता. दळलेला माल पाण्यासह गरगर फिरवणारा हायड्रोसायक्लोन कण वेगळे करतो ते बुडण्याच्या वेगावर, निव्वळ आकारावर नव्हे. त्यामुळे पुरेसा बारीक होऊन क्वार्ट्झपासून सुटलेला कॅसिटेराइटचा कणही जड म्हणून क्वार्ट्झच्या भरड कणांबरोबर खाली उतरतो, पुन्हा बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या चक्कीत, जातो, आणि मुळात ठिसूळ असल्याने प्रत्येक फेरीत त्याचा आणखी चुरा होतो. इतक्या बारीक कणावर वजनापेक्षा पाण्याच्या चिकटपणाचा अंमल अधिक चालतो. सायक्लोनच्या जागी बारीक जाळीची चाळणी बसवली आणि दळण दोन टप्प्यांत केले, तेव्हा कुठे निकाल सुधारले.

या यंत्रांचा विकासही मला आता कणाच्या आकाराची कहाणी वाटतो. पाण्याच्या हेलकाव्यांनी कण थरांत लावणाऱ्या जिगला भरड कण मानवतात. १८९० च्या दशकात आर्थर विल्फ्लीने कोलोरॅडोत घडवलेल्या टेबलाने बारीक वाळू हाताळली. १९४० च्या दशकातील हम्फ्रीजच्या स्पायरलने, म्हणजे गोल जिन्यासारख्या उतरत्या पन्हळीने, फिरता भाग नसतानाही मोठा फीड (आत येणारा माल) पेलला. त्याहून बारीक कणांसाठी फिरत्या भांड्याची केंद्रोत्सारी यंत्रे आली.

तयार सेटिंग्जचे तक्ते उतरवून घेऊ नका, ती दुसऱ्याच्या धातुकाची असतात. पॅनमध्ये चिमूटभर टेलिंग्ज धुऊन तळाशी काय उरते ते दाखवणारा ज्येष्ठ सहकारी भेटला, तर त्याच्याजवळच शिका. सुरुवातीचे निकाल वाईट आले तरी खचू नका, ते बहुतेकांचे तसेच येतात. मात्र टेलिंग्जचे आकारवार विश्लेषण हाती येईपर्यंत टेबलाच्या उताराला हात लावू नका.